भीत भीत द्यावं



आजचं वाचन : तैत्तिरीय उपनिषद, शीक्षावल्ली, अनुवाक ११. (दीर्घ 'शी' ही टायपिंगची चूक नाही, उपनिषदात तसंच आहे.)

क्रमाने आज खरं तर दहावा अनुवाक यायला हवा होता. तो उद्यावर ढकललाय. कारण रविवारच्या वाचनानंतर आमच्या ग्रुपमधल्या एकीनं मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याचं फार घाईनं उत्तर दिलं. ती डेटा ॲनालिस्ट आहे, २५-२६ वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीला जोडून दोन आठवडे काठमांडूला जायचं म्हणते. तिथे स्वयंसेवकांनी चालवलेलं एक बालगृह आहे, अनाथ मुलांचं. राहणं-जेवण तिथेच, त्याचे थोडे पैसे भरायचे, आणि दिवसभर मुलांना इंग्लिश शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं. "दादा, अभिषेकाची पावती फाडण्यापेक्षा हे बरं ना?"

मी पटकन म्हणालो, "जाऊ नकोस."

तिचा चेहरा पडला. असं तोडून बोलायला नको होतं. मी तसं का बोललो हे तिला सांगायचं तर माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही.

आधी अनुवाक बघू. शिक्षण संपलंय, शिष्य घरी निघालाय आणि आचार्य त्याला शेवटचं चार शब्द सांगतायत. आपल्या भाषेत कॉन्व्होकेशनचं भाषण. खरं बोल, धर्मानं वाग, अभ्यास सोडू नकोस, संततीचा धागा तोडू नकोस. आईला देव मान, वडिलांना देव मान, आचार्यांना, पाहुण्याला देव मान. मग एक फार प्रामाणिक वाक्य येतं : आमच्यातलं जे चांगलं दिसलं तेवढंच उचल, बाकीचं नको. (किती सिनियर असं म्हणतात?) आणि त्यानंतर दानाचा विषय येतो.

आपण म्हणू, त्यात काय, "दान कर" एवढंच सांगायचं. पण आचार्य 'किती द्यावं' यावर जवळजवळ बोलतच नाहीत, 'कसं द्यावं' यावर बोलतात. श्रद्धेनं द्यावं, अश्रद्धेनं देऊ नये. ऐपतीप्रमाणे हात मोकळा ठेवून द्यावं. इथपर्यंत कुणीही सांगेल. पुढचे तीन शब्द मात्र मला कॉलेजात पहिल्यांदा वाचले तेव्हा कळलेच नव्हते. लाजत द्यावं. भीत द्यावं. आणि 'संविद्' ठेवून द्यावं.

लाजत, हे एक वेळ समजतं. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली असतो, त्याची लाज. पण भीत? भीती कसली? चांगलं काम करताना माणसानं घाबरायचं कशाला? मी तेव्हा वहीत समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. ते प्रश्नचिन्ह पुढे आठ-नऊ वर्षं तसंच राहिलं.

आता माझी गोष्ट. लग्नाआधी आम्ही पाच मित्र नेपाळला गेलो होतो. पशुपतिनाथाचं दर्शन, मग पोखरा, नेहमीचंच. काठमांडूत हॉटेलवाल्यानं विचारलं, जवळच एक बालगृह आहे, भेट द्यायची का? गेलो. जाताना तांदळाची गोणी आणि बिस्किटांचे पुडे घेतले. फाटक उघडलं आणि दहा-बारा मुलं अक्षरशः धावत आली. एकानं माझा हात धरला तो दोन तास सोडला नाही. सहा-सात वर्षांचा असेल. निघताना रडला. मीही रडलो, खोटं का सांगू. त्या संध्याकाळी फोटो टाकला. खाली लिहिलं की पशुपतिनाथ देवळात नाही, इथे भेटला. लाईक भरपूर आले.

परत आल्यावर दर महिन्याला २००० रुपये पाठवायला लागलो. माझ्या टीममध्ये एक नेपाळी सहकारी होता, पश्चिम नेपाळच्या डोंगराळ भागातला. त्याच्या काठमांडूतल्या नातेवाईकामार्फत पैसे पोचायचे. दोन वर्षं हे चाललं. एकदा पॅन्ट्रीत चहा घेताना त्यानं सहज विचारलं, "त्या मुलाची आई कुठे असते?"

मी म्हणालो, "अरे, अनाथ आहे तो."

तो म्हणाला, "हो, पण ते तुला कुणी सांगितलं?"

प्रश्न साधा होता. हॉटेलवाल्यानं सांगितलं, बालगृहाच्या साहेबांनी सांगितलं. मी स्वतः काय पाहिलं होतं? रोज कोड रिव्ह्यू करताना ज्युनियरला म्हणणारा मी, की इनपुट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, आणि इथे एक अख्खा माणूस मी न तपासता 'अनाथ' या रकान्यात टाकून मोकळा झालो होतो. मग त्यानं त्याच्या भागातलं जे सांगितलं त्यानं माझी झोप उडाली. नंतर मी जे वाचलं ते त्याहून वाईट होतं.

१९९६ ते २००६ नेपाळमध्ये यादवी युद्ध चालू होतं. माओवादी डोंगरातल्या गावांमधून मुलांना आपल्या फौजेत ओढत होते. अशा वेळी गावात कुणी ओळखीचा, चांगल्या कपड्यातला माणूस येई आणि आईबापांना म्हणे, पोर माझ्याकडे द्या, काठमांडूत बोर्डिंग शाळेत घालतो, तिथे सुरक्षित राहील, इंग्लिश शिकेल. त्यासाठी भरपूर पैसे घेई. गरीब माणसं होतं-नव्हतं ते विकून, कर्ज काढून पैसे देत. पोरांना काठमांडूत आणून काहींना नुसतं टाकून देत, काहींना बालगृहात भरती करत. आईवडील मेल्याचे कागद बनवले जात. अशा मुलांना 'कागदी अनाथ' म्हणतात. मुलांना पढवलं जाई : कुणी विचारलं तर सांगायचं, आई नाही, बाबा नाहीत.

सगळ्यात जास्त मुलं ज्या भागांतून गेली त्यातला एक जिल्हा हुम्ला. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण सिमिकोट ऐकलं असेल. नेपाळगंज, सिमिकोट, हिल्सा : कैलास-मानसरोवरला नेपाळमार्गे गेलेल्या कुणालाही विचारा. ते सिमिकोट म्हणजे हुम्लाचं मुख्य ठिकाण. आपली यात्रेकरू मंडळी जिथे विमानातून उतरून हेलिकॉप्टरची वाट बघत चहा पितात, त्याच्या आसपासच्या गावांतल्या आया आपल्या पोरांची वाट बघत होत्या.

हे मला तपशिलात कळलं ते कॉनर ग्रेनन या अमेरिकन माणसाच्या अनुभवातून. हा २००४ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, जगप्रवासाला निघाला आणि सुरुवातीचे तीन महिने काठमांडूजवळ गोदावरीला एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून राहिला. बालगृहाचं नाव 'लिटल प्रिन्सेस', छोटे राजपुत्र अशा अर्थाचं. परदेशी स्वयंसेवकांनी चालवलेलं, १८ मुलांचं घर. हा मोठा सेवाभावी वगैरे नव्हता. वर्षभर नुसतं भटकणं स्वार्थी दिसेल, त्यात थोडी सेवा घातली की सांगायला बरं, असं त्यानं स्वतःच कबूल केलंय. वाचताना मला माझा तो फोटो आठवला.

पुढे त्या अठरांमधल्या दोन भावांची आई जिवंत समोर उभी राहिली. मग कळलं की बाकीचीही अनाथ नाहीत. आणखी सात मुलं होती. तुम्ही सुरक्षित राहाल असा शब्द त्यांना त्यानं दिला होता, त्यांची सोय लावून तो अमेरिकेला परतला आणि इकडे ती सात मुलं गायब झाली. ज्यानं आणली होती त्यानंच पुन्हा हलवली. ग्रेनन परत नेपाळला आला. २००६ मध्ये त्यानं 'नेक्स्ट जनरेशन नेपाळ' ही संस्था सुरू केली, हरवलेल्या मुलांचा शोध घेतला आणि मग मुलांचे फोटो घेऊन हुम्लाच्या डोंगरात पायी निघाला. पाय दुखावलेला, बर्फ पडून वाट बंद व्हायची भीती, आणि गावोगाव एकच काम : फोटो दाखवायचा आणि विचारायचं, हे पोर कुणाचं?

मला या सगळ्यात त्या 'लिटल प्रिन्सेस'च्या घराबद्दल विशेष वाटतं. ते घर वाईट नव्हतं. तिथे मुलांना प्रेम होतं, जेवण होतं, शाळा होती. ते नसतं तर ती मुलं रस्त्यावर असती. तरीसुद्धा, तिथल्या चांगल्या माणसांना पोरांचं मूळ माहीत नव्हतं तोवर ते घर नकळत दलालाचंच काम सोपं करत होतं. मुलं तीच, घर तेच, स्वयंसेवकही तेच. ज्या दिवशी 'यांचं घर कुठे?' हा प्रश्न विचारला गेला, त्या दिवसापासून त्या घराचा अर्थ बदलला.

आता जरा कोरडं गणित, मी इंजिनिअर आहे, सहन करा. याच संस्थेच्या अहवालात दोन आकडे आहेत. नेपाळमधल्या बालगृहांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात आहेत. आणि नोंदणी झालेल्या बालगृहांपैकी जवळपास ९० टक्के तेव्हाच्या ७५ पैकी फक्त ५ जिल्ह्यांत आहेत : काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन. कास्की म्हणजे पोखरा. चितवन म्हणजे जंगल सफारी. दुःख सर्वात जास्त हुम्ला-जुम्लाकडे, आणि बालगृहं मात्र आपल्या टूर पॅकेजच्या नकाशावर! मुलं जिथे उघडी पडतात तिथे घरं उभी राहिलेली नाहीत. पैसे देणारे जिथे फिरायला येतात तिथे राहिलीत. मागणी आपली आहे. आपल्याला अनाथ मूल भेटायला हवं असतं, म्हणून कुणीतरी ते डोंगरातून आणून देतं.

हे समजलं त्या रात्री मी जुनी वही काढली. समासातलं प्रश्नचिन्ह तिथेच होतं.

भीत द्यावं, ते यासाठी. पैसा हातातून सुटला की तो संपत नाही. तो पुढे जाऊन काहीतरी करतो, आणि काय करतो ते आपल्याला दिसत नाही. प्रॉडक्शनमध्ये कोड टाकताना आपले हात थरथरतात ना, शुक्रवारी संध्याकाळी तर आपण टाकतच नाही, ती भीती भ्याडपणाची नसते. पलीकडे खरी माणसं आहेत याची ती जाणीव असते. एका सर्व्हरसाठी मला जेवढी भीती वाटते तेवढी त्या सहा वर्षांच्या पोरासाठी वाटली नव्हती.

आणि तो अनुवाक पुन्हा वाचताना आणखी एक गोष्ट लागली. दानाच्या आधी आई आहे. आईला देव मान, हे आचार्य आधी सांगतात, द्यायचं कसं ते त्यानंतर. मग ज्या दानामुळे एखाद्या पोराला 'मला आई नाही' असं म्हणायला शिकवलं जातं, ते दान त्याच अनुवाकाच्या विरुद्ध नाही का जात? संततीचा धागा तोडू नको, याचा परंपरेतला अर्थ गृहस्थाश्रमाचा आहे, लग्न कर, वंश पुढे ने असा. मला मात्र आता तिथे हुम्लातली एखादी आई दिसते. दुसऱ्याचा धागाही तोडू नकोस. हा अर्थ माझा आहे, कुठल्या भाष्यात शोधू नका.

मुलं धावत येऊन बिलगली होती, तेही आता वेगळं दिसतं. माझी मुलगी तीन वर्षांची आहे. दारात कुरिअरवाला आला तरी आईच्या कुर्त्याआड लपते. तिला माहीत आहे की आपलं माणूस कोण आणि परकं कोण. दर पंधरा दिवसांनी नवीन ताई-दादा येऊन लळा लावून जातात अशा घरात वाढणारं मूल हा फरकच विसरत जातं, असं या क्षेत्रात काम करणारे सांगतात. त्या पोरानं दोन तास माझा हात सोडला नाही, ते मी माझ्या प्रेमाचं सर्टिफिकेट समजलो होतो.

उरला तिसरा शब्द, संविद्. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ 'समजून-उमजून' असा देतात. शंकराचार्य तो मैत्रीकडे नेतात. मला दोन्ही हवेत. मित्राला आपण पैसे देतो तेव्हा विचारतोच की, नक्की काय झालंय? घरी कोण कोण आहे? मित्राची चौकशी करताना आपल्याला संकोच वाटत नाही. अनाथाची चौकशी करताना मात्र वाटतो, कारण आपण त्याला मित्र मानलेलंच नसतं.

समजून-उमजून केलेलं काम कसं दिसतं? फार रटाळ दिसतं. मुलाला आठवतं एवढंच : नदी होती, वर देऊळ होतं, बहिणीला अमुक नावानं हाक मारायचे. त्याचं नाव बदललेलं, गावाचं नाव चुकीचं. त्यावरून कार्यकर्ते गाव शोधतात. आईवडील सापडले म्हणून लगेच पोर नेऊन सोडत नाहीत. घर बघतात, शाळा किती लांब ते बघतात, पोर ज्या कारणानं घराबाहेर गेलं ते कारण अजून तिथे आहे का ते बघतात. आधी फोन, मग भेट, मग सुट्टीत राहणं, मग कायमचं, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं फेऱ्या. काही मुलं गावची बोली विसरलेली असतात, आईशी बोलायला शब्द नसतात. काही मोठी झालेली मुलं म्हणतात, तिथे वीज नाही, मी जाणार नाही. काही आईवडीलच म्हणतात, शिकू दे तिकडेच. मग गावाजवळच्या शाळेची सोय बघायची, म्हणजे निदान सणाला घरी जाता येईल. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये पर्यायी संगोपनाची जी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यांत स्पष्ट आहे की केवळ गरिबी हे मुलाला आईवडिलांपासून दूर करण्याचं कारण असू शकत नाही. गरिबी असेल तर मदत घराला करायची.

आणि ज्यांना खरंच कुणी नाही, किंवा ज्यांना घरीच धोका आहे, अशी मुलं असतातच. त्यांना सुरक्षित घर लागतं, आणि ते चालवणारी, स्वतःच्या खिशातून भाडं भरणारी माणसं मी ओळखतो. त्यांना माझा साष्टांग नमस्कार. हे सगळं वाचून कुणी 'बघा, सगळ्या संस्था चोर' असं म्हणणार असेल तर कृपया नको. ती तर द्यायचं टाळायची सोपी पळवाट आहे.

तुम्ही विचाराल, माझ्या त्या मुलाचं काय झालं. मी त्या बालगृहाला लिहिलं : तो कुठल्या जिल्ह्यातला, कुणी आणला, नातेवाईक शोधले का? उत्तरात त्याचा नवा फोटो आला, हातात थँक यूचं कार्ड. पुन्हा लिहिलं. पुन्हा फोटो. चार महिने मी तरीही पैसे पाठवत राहिलो, कारण भीती आता दोन्ही बाजूंनी होती. मी थांबलो तर त्याच्या ताटातलं कमी होईल का? शेवटी थांबलो. ते बालगृह वाईटच होतं याचा माझ्याकडे कुठलाही पुरावा नाही. कदाचित तो खरंच अनाथ असेल आणि मी त्याच्या तोंडचा घास काढला असेल. बायको म्हणते, तू तेव्हा जे माहीत होतं त्यावरून ठरवलंस. पण पूजेला बसलं की कधीकधी तो हात आठवतोच.

अनुवाकाच्या शेवटी आचार्यांनी याचीही सोय केली आहे. काय करावं याबद्दल शंका आली तर, ते म्हणतात, त्या ठिकाणी जे विचारी, अनुभवी, स्वभावानं रुक्ष नसलेले, धर्माची चाड असलेले लोक असतील, ते तिथे कसे वागतात ते बघ आणि तसं वाग. 'त्या ठिकाणी' हे मला महत्त्वाचं वाटतं. पुण्यात बसून मी ठरवायचं नाही.

म्हणून काल तिला फोन केला. आधी रविवारबद्दल माफी मागितली. मग आम्ही दोघांनी मिळून त्या बालगृहाला एक ईमेल लिहिली. मुलं तुमच्याकडे कशी येतात, कागद कोण तपासतं? आईवडील किंवा नातेवाईक भेटायला येऊ शकतात का? शेवटचं मूल घरी कधी परत गेलं? रोज मुलांसोबत राहणारी तिथली स्थानिक माणसं किती, आणि किती वर्षांपासून? आमच्यासारख्यांना मुलांजवळ येऊ देण्याआधी तुम्ही आमची काय चौकशी करता? आणि शेवटी तिनं स्वतःहून एक ओळ घातली : मुलांना न भेटता, इथूनच, मी तुमच्या नोंदी नीट लावून देऊ शकते, कोणतं मूल कुठून आलं ते शोधायला सोपं जाईल अशा. चालेल का?

ईमेल गेली आहे. उत्तर आलेलं नाही. तिकीट तिनं अजून काढलेलं नाही.

उद्या राहिलेला दहावा अनुवाक, त्रिशंकूचा. लहान आहे, आधी एकदा वाचून या.